गोदाताईंच्या गोठ्यातलं पारडू

खामगाव स्टेशनात उतरलो तेव्हा चैत्राचं ऊन सकाळीच तापलं होतं. मित्राची थोरली बहीण गोदाताई, त्यांच्या मळ्यात आठवडाभर राबायचं असं पुण्यात मोठ्या ऐटीत जाहीर करून मी आलो होतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि माझा उत्साहही.

मळा लहानसा. वांगी, कांदे, सांबार (कोथिंबीर), दोन बैल, चार शेळ्या आणि एक म्हैस. विकतचं खत नाही, सारं शेणखतावर. पाट्या वाहून दोन दिवसांत माझ्या तळहातांना फोड आले. भाकरी-ठेचा मात्र मी फोड विसरून हाणला.

ताईंची सून बाळंतपणात गेली होती. चार महिन्यांची नात या म्हशीच्याच दुधावर होती.

तिसऱ्या सकाळी धारेला बसताना ताईंनी हाक मारली, "भाऊ, वगार (म्हशीचं पारडू) धरा जरा तिच्या तोंडापुढं."

कोपऱ्यातल्या अंधारात पारडू उभं होतं. उचललं, तर उशीसारखं हलकं! डोळ्यांच्या जागी भोकं, पोटाला सुतळीचे टाके. मी किंचाळून ते फेकलंच. म्हैस बिथरली, तिच्या लाथेनं चरवी उपडी झाली.

"ताई, हे मेलेलं आहे!"

"हाव. महिना झाला. कातड्यात कुटार (भुसा) भरलं. त्याच्याबिगर म्हैस पान्हवत नाही."

"मुक्या जनावराला फसवता?" माझा आवाज चढला.

ताई चरवी उचलून पुन्हा धारेला बसल्या. म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच. आत नात रडू लागली. ताई तिला साखरपाण्याचं बोट चोखवत राहिल्या, पण पोरगी काही थांबेना. दुपारची भाकरी मी तशीच झाकून ठेवली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी मी आपण होऊन पारडू धरलं. म्हशीनं हुंगलं, पाठ चाटली, मग पोटावरचे टाकेही चाटले. चरवीत धार वाजू लागली.

"तिले समजत नसन का, भाऊ?" ताई खाली मानेनं म्हणाल्या. "वास त कवाचाच गेला. तिले सारं ठाऊक हाये. तरी चाटते."

मी पारडू तिच्या तोंडाशी आणखी जवळ धरलं.

निघालो तेव्हा नात पोटभर पिऊन ताईंच्या खांद्यावर झोपली होती. पुण्यात मित्रानं, त्याला बहिणीच्या या पारडवाचं आधीच ठाऊक होतं, हसत विचारलं, "काय, म्हैस अजून फसते का रे?"

"नाही," मी म्हणालो. "त्या गोठ्यात फसलो तो मी एकटाच."