किल्ल्यावरून परत आणलेली माणसं

विनूची बातमी आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्याच्या शेजारच्या सावंतवहिनींचा फोन होता. "ताई, विनायकरावांनी अजून दूध आत घेतलं नाहीये. बेल वाजवली, हाका मारल्या... तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे ना?" मी "आहे" म्हणाले, फोन ठेवला आणि ताटात उरलेले तांदूळ शेवटपर्यंत निवडून डब्यात भरले. असं का केलं ते मला विचारू नका. मग किल्ली घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले. विनू कुशीवर झोपलेला होता, एक हात गालाखाली. लहानपणीही असाच झोपायचा. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेतच गेले. "किती शांत मरण आलं हो," असं नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला आणि मी प्रत्येकाला "हो ना" म्हटलं. आज सात आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. डोळ्याला पदर लावून बसणाऱ्या बायका माझ्याकडे जरा संशयानेच बघत होत्या.

पुरवणीत ज्यांच्यावर लिहून येतं तशातला माझा हा धाकटा भाऊ नव्हता. ठाण्याच्या कोर्टात तो बेलीफ होता. समन्स आणि नोटिसा लोकांच्या घरी नेऊन द्यायच्या, कोणी घेत नसेल तर दारावर चिकटवून यायच्या, हे त्याने तीस वर्षं केलं. लोकांनी तोंडावर दारं आपटली, अंगावर कुत्री सोडली. टेंभी नाक्याजवळच्या एका आजींनी त्याला आधी पोटभर पोहे खायला घातले आणि मग नोटीस घ्यायला साफ नकार दिला. हे सगळं तो हसत सांगायचा. त्याची बायको मीना गेली तेव्हा केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी, बारा वर्षांची होती. माझे यजमान त्याआधीच गेलेले, मला मूलबाळ नाही. त्यामुळे केतकी दोन घरांत वाढली. जेवण आणि वेणी माझ्याकडे, झोप आणि हट्ट विनूकडे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, तेव्हा अभ्यासही माझ्याकडेच. ती माझी नाही हे मला अधूनमधून स्वतःला बजावून सांगावं लागायचं.

ही पोर इंजिनियर झाली, नोकरीला लागली आणि तिला एक नाद लागला. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची माणसं. योद्धे, राक्षस, जादूगार, सुळे बाहेर आलेले कोण कोण. ती कोरी विकत आणायची, केसाएवढ्या ब्रशने तासन्‌तास रंगवायची आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर टेबलावर मांडून, फासे टाकून त्यांच्या लढाया खेळायची. ती त्यांना मिनीएचर म्हणायची. आम्ही दोघं बाहुल्या म्हणायचो. "सव्वीस वर्षांची घोडी झाली, बाहुल्या खेळते," असं मी तिला चिडवायची आणि ती जिभेने ओठ दाबत, मान वर न करता म्हणायची, "आत्या, डोळा काढतेय. हलवू नकोस टेबल."

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. केतकी ऑफिसच्या कामाला पंधरा दिवस बाहेरगावी गेलेली. विनूकडे साफसफाई निघाली म्हणून मी मदतीला गेले होते. कपाटावरून बिस्किटांचा एक मोठा डबा खाली आला. आत ती माणसं, कापसात गुंडाळलेली. खाली बिल्डिंगमधली मुलं किल्ला करत होती आणि मावळे कमी पडतायत म्हणून सकाळपासून त्यांचा दारोदार धोशा चालला होता. विनू म्हणाला, "केतूला विचारू का?" आणि मी म्हणाले, "अरे, तिला काय करायचीत आता? पोरं खूश होतील. देऊन टाक." हे वाक्य माझं. विनूने नुसता डबा खाली नेऊन दिला.

केतकी वसुबारसेच्या संध्याकाळी परत आली. मी फराळाचं ताट घेऊन विनूकडे निघाले होते, तो खाली गेटपाशीच उभा होता, लेक येणार म्हणून. रिक्षातून उतरून ती बॅग घेऊन वळली आणि थांबली. किल्ला छान झाला होता, उतारावर अळीव हिरवेगार उगवले होते. तिची माणसं बुरुजांवर होती, तळ्याकाठी होती, गुडघ्यापर्यंत ओल्या मातीत होती. दाढीवाला जादूगार दिंडी दरवाज्यावर पहारेकरी झाला होता. एकाच्या पायाशी कोणीतरी लवंगी लावलेली, त्याचा अर्धा अंगरखा काळा पडला होता. विनू कौतुकाने म्हणाला, "बघ केतू, किती शोभतायत!" तिने विचारलं, "कोणी दिले हे?" विनूने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि म्हणाला, "मी."

मी बोलायला हवं होतं. ताट हातात धरून नुसती उभी राहिले. पोटची मुलगी बापावर रागावली तर रागावून रागावून किती रागावेल, मी तर आत्या, माझ्यावर रागावली तर संपलंच, असा हिशेब त्या क्षणी माझ्या मनात झाला. तो खोटा ठरला.

केतकी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच म्हटलं, "तीन वर्षं लागलेली मला, बाबा." भाऊबीज झाल्यावर घोडबंदर रोडला मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहायला गेली. ऑफिस जवळ पडतं, हे कारण. खरं कारण तिघांनाही माहीत होतं. मला तिचा फोन यायचा, विनूला नाही. त्याने फोन केला की "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज. रविवारी ती माझ्याशी बोलायची तेव्हा विनू माझ्या खुर्चीजवळ पेपर उलटा धरून बसलेला असायचा आणि मी फोन ठेवला की विचारायचा, "काय म्हणाली?" मी काहीतरी सांगायची. "तुझी चौकशी केली" असंही सांगायची. ती करत नव्हती.

दिवाळीनंतर पोरांनी किल्ला मोडला तेव्हा विनू खाली जाऊन मातीत बसला. अठरा सापडली. घरी आणून त्याने ती बादलीत भिजत घातली आणि जुन्या टूथब्रशने घासली. रंगाचे पोपडे निघाले, कोणाची तलवार मोडलेली, कोणाचा हात. मग मला म्हणाला, "ताई, मी परत रंगवून देतो तिला." मी हसले. या माणसाने आयुष्यात भिंतीला चुना लावला नव्हता. पहिल्या एकाला त्याने खिडकीच्या ग्रिलला लावून उरलेला ऑइलपेंट फासला. त्या माणसाचा चेहराच बुजला. तो रंग काढायला विनूने त्याला थिनरमध्ये बुडवून ठेवलं आणि तासाभराने बघतो तर वाटीत प्लॅस्टिकचा गोळा. त्या दिवशी तो जेवला नाही. "पोरांनी नुसते घाण केले होते, ताई. मी एक मारलाच."

मग मात्र तो नीट शिकायला बसला. मोबाइलवर परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ लावायचा. त्यांचं भरभर इंग्रजी त्याला कळायचं नाही म्हणून मला बोलवायचा आणि मी शेजारी बसून वर्गात सांगावं तसं सांगायची... आधी सगळ्याला एकच राखाडी रंग द्यायचा, मग अंगाचा, मग कपड्यांचा, आणि रंग पुसून कोरडा केलेला ब्रश नुसता वरच्यावर फिरवला की केस उठून दिसतात. रोज अकरा ते एक ही त्याची वेळ ठरली. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांच्या झाकणांवर तो एकेक माणूस चिकटवायचा, म्हणजे बाटली धरून फिरवता येते. त्याचा उजवा हात थोडा कापायचा. तो डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा, श्वास रोखायचा आणि एक ठिपका द्यायचा. मग हुश्श करून मागे टेकायचा. मला त्याची थट्टा केल्याशिवाय राहवत नसे. हिरव्या कातडीच्या त्या सुळेवाल्या राक्षसाला त्याने चांगला गव्हाळ रंग दिला. मी म्हटलं, "अरे, हा राक्षस आहे, हिरवा असतो." तर म्हणे, "असू दे. बिचारा उन्हात उभा होता पंधरा दिवस." मला तो आमच्या गावच्या तलाठ्यासारखा दिसायचा आणि तसं म्हटल्यावर आम्ही दोघं कितीतरी वेळ हसलो. हसताना मला रोज वाटायचं, आज केतकीला फोन करून खरं सांगू. रोज अकरा वाजायचे, एक वाजायचा.

मी त्याला एकदा म्हणालेही होते. "विनू, मी सांगते तिला, माझं डोकं होतं ते." त्याने ब्रश पाण्यात खळबळवला आणि म्हणाला, "नको. तिला कोणीतरी एक राहू दे बोलायला." त्यावर मी हट्ट धरला नाही, उलट मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते असं आहे.

सहावा माणूस त्याला जमला. कमरेला पट्टा असलेली एक तिरंदाज बाई, तिचे डोळेसुद्धा सरळ आले होते. ती कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून विनू घोडबंदरला गेला. रविवार होता. बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये दोन तास. गेटवरच्या वॉचमनने फोन लावला, वर कोणी उचलला नाही. विनू समोरच्या बसस्टॉपवर दुपारभर बसला आणि परत आला. केतकी आत होती की नव्हती, हे मी तिला कधीच विचारलं नाही. मी विनूवर वैतागले, "अरे, गेटवर ठेवून यायचं की! चिठ्ठी लिहायची." तो म्हणाला, "ठेवून यायला ते समन्स आहे का?" तिरंदाज बाईला त्याने परत झाकणावर चिकटवलं आणि पुन्हा तो गेला नाही. सगळे झाले की एकदम नेईन, म्हणाला. अकरा माणसं रंगवून झाली आणि तो झोपेतच गेला.

त्या दिवशी केतकीला यायला अडीच तास लागले, रस्ता जाम होता. सगळे खोळंबले होते, "किती वेळ अजून" असं दबक्या आवाजात चाललं होतं. ती आली, विनूच्या पायाशी बसली, त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. नखांच्या कडेला निळा रंग होता. आंघोळ घालूनही तो निघाला नव्हता. तीही रडली नाही. आम्ही दोघी जणी अशा वागत होतो की दुसऱ्याच कोणाच्या घरी आलोय.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर ती विनूच्या टेबलाशी जाऊन बसली. मी भांडी आवरायची थांबवली. तिने एकेक बाटली उचलली, दिव्याखाली धरून फिरवली. तिची ती नजर मला ओळखीची होती, कामाची नजर. "तलवार काडेपेटीच्या काडीची लावलीये," ती म्हणाली. मग, "हा गव्हाळ का केलाय?" मी सांगितलं. तिरंदाज बाईपाशी ती बराच वेळ थांबली. त्या बाहुलीचा डोळा तिने नखाने हळूच चाचपला... म्हणाली, "हात कापायचा ना त्यांचा?" आणि मी तिथेच, उभ्याने, सगळं बोलून टाकलं. डबा, पोरं, देऊन टाक, गेट, फराळाचं ताट.

"दोन वर्षं, आत्या?" ती म्हणाली. "मी दर रविवारी तुझ्याशी बोलत होते. तुझ्याशी!"

"हो."

"आणि बाबा बाजूला बसलेले असायचे?"

"हो."

तिने अकराही माणसं झाकणांवरून सोडवली, विनूच्या धुतलेल्या रुमालांत एकेक गुंडाळली, बॅगेत ठेवली आणि चपला घातल्या. दारात म्हणाली, "मला फोन करू नकोस आत्ता." बाटल्यांवर सहा उरले होते, नुसते राखाडी. ते तिने घेतले नाहीत.

पहिला रविवार फोनशिवाय गेला तेव्हा मला कळलं की विनू पेपर उलटा धरून काय ऐकत बसायचा. मग दुसरा गेला, तिसरा. मला जे मिळालं ते माझंच होतं, दोन वर्षं चुकीच्या माणसाकडे जात होतं एवढंच. तक्रार नाही. पण सकाळचे अकरा वाजले की घरात बसवेना. एके दिवशी किल्ली घेतली, विनूकडे गेले, खिडकी उघडली आणि त्याच्या खुर्चीत बसले. टेबलावरच्या बशीत त्याचे रंग सुकून गेले होते. मी रंगाच्या नव्या बाटल्या उघडल्या आणि सहांतला एक उचलला. कुऱ्हाडवाला, जाडा. सगळं तोंडी येत होतं, शिकवलं मीच होतं ना. हाताला मात्र काही येत नव्हतं. पिवळ्या अंगरख्यावर ढेकळं उठली, दाढीत कुऱ्हाडीचा रंग आला. सत्तरीच्या बाईचं पहिलं चित्र, दुसरं काय होणार! आता मी रोज तिथे जाते. एक वाजता दार ओढून घरी येते.

परवा मी त्या कुऱ्हाडवाल्याचा फोटो काढून केतकीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार? दिवसभर उत्तर नव्हतं. काल सव्वाअकराला टेबलावर फोन वाजला, मेसेज होता. "रंग पातळ कर. पाणी घाल." पुढे काही नाही, आत्यासुद्धा नाही. मी तो चार वेळा वाचला. दोन वर्षांत विनूला तिच्याकडून एवढंसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याला मी कारण होते. मी उठले आणि त्याच्या स्वयंपाकघरातून वाटीत पाणी आणलं.