मस काढल्यानंतरचा गाल

जव्हारच्या त्या स्थळाला मी पसंत होते. डाव्या गालावरचा मस तेवढा नापसंत होता. मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत सांगितलं, "तेवढा काढून घ्या, मग पुढचं बोलू." बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तसा तिने माझा चेहरा बघितला होता. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि म्हणे मी मोखाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई!

नाशिकला जाऊन मस काढला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं: खपली ओढायची नाही, ऊन टाळायचं, दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचं नाही. नवी कातडी आधी फिकट दिसेल, रंग भरायला काही महिने लागतील. मी मान डोलावली. जीपमधून उतरले की शाळेपर्यंत तोंडाला ओढणी गुंडाळून चालायचे.

खपली आपोआप पडली आणि खाली डाळीएवढा पांढुरका ठिपका निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसाच. पण आईमागे मला वाढवणाऱ्या आत्याने तो पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"पांढरा पडलाय गं. ते लोक कोड म्हणतील. मग तुझ्यामागं धाकटीचं पण नाय जमायचं."

"भरेल तो, आत्या. सहा महिने लागतात."

"सहा महिने? ते तर रविवारच्याला येतात!"

भाताच्या लावणीत चिखलाने पायांना भेगा पडल्या की आमच्याकडे बिब्बा तापवून त्याचं तेल त्यात भरतात. आत्याच्या टाचा वर्षानुवर्षं त्यानेच भरल्यात, आणि काळ्याही पडल्यात. तिचं गणित सरळ होतं. बिब्बा जखमही भरतो आणि रंगही देतो. तिने बिब्ब्याला सुई टोचली आणि दिव्यावर धरला. बिब्ब्याने कातडी भाजते हे मी वर्गात मुलांना सांगत आले आहे. तरी मी चटईवर बसले आणि गाल पुढे केला. रविवारची धास्ती मलाही होती, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गाल सुजून डोळा अर्धा मिटला. फोड आले, फुटले, चिघळले. रविवारपर्यंत सूज उतरली, पण मसाच्या जागी रुपयाएवढा काळा चट्टा उठला होता.

मुलाच्या आईने बराच वेळ निरखून पाहिलं. मग म्हणाली, "मस होता तेव्हाच बरी दिसत होती."

"मग तो परत लावून आणू का?" मी विचारलं.

आत्याने माझं मनगट दाबलं. पाहुणे चहा न घेता उठले आणि पुन्हा आले नाहीत.

याला तीन वर्षं झाली. चट्टा विटला, गेला नाही. आत्या अजून म्हणते की बिब्बाच कच्चा होता. तिच्यावर मी चिडत नाही. तिने निदान मायेने भाजलं. त्या बाईवरचा रागही आता शिळा झाला. राग येतो तो माझाच. तोंड उघडायचं होतं ते पहिल्या भेटीत. तेव्हा स्थळ हातचं जाईल म्हणून गप्प बसले, आणि बोलले तेव्हा माझ्यापाशी गमवायला काही उरलं नव्हतं.