कुठेही जाता येणारा गेम

त्या गेमची जाहिरात मी इतकी वर्षं पाहिली, की मधल्या काळात माझं लग्न ठरलं, झालं आणि जुनंही झालं. "तो डोंगर दिसतोय ना, तिथे तुम्ही जाऊ शकता," असं जाहिरातीतला माणूस भारावून सांगायचा. दिसणाऱ्या डोंगरावर जाता येतं, केवढी ही क्रांती! गोदामातला माझा सहकारी तर गेम यायच्या आधीच भक्त झाला होता. "भाई, एक बार अंदर गया तो बाहर आने का मन नहीं करेगा," तो म्हणायचा.

मी कशेळीला एका गोदामात डिस्पॅच बघतो. कुठलं पार्सल कुठल्या गाडीत, एवढंच माझं विश्व. त्यामुळे सुट्टीच्या सकाळी मोठ्या आशेने गेम लावला. आकाश अप्रतिम. गवत इतकं खरं, की शिंक यावी. आमचा वीर घोड्यावरून एका गावात पोचला आणि एका म्हातारीने त्याच्या हातात गाठोडं दिलं, पलीकडच्या गावात पोचवायला. पोचवलं. तिथल्या लोहाराने दुसरं दिलं. आठवडाभर कशेळीत जे करतो तेच मी दुपारपर्यंत करत होतो, फक्त कशेळीत निदान चहा मिळतो. घरं देखणी, पण दार एकाचंही उघडेना. जगाला वाचवायला निघालेला हा वीर सणासुदीच्या गर्दीत आमच्याकडे सहज कामाला लागला असता.

मी बंद करणारच होतो, तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले.

शेलार गावाजवळची आमची जमीन गोदामाला गेल्यापासून बाबा घरातच असतात. व्यवहार त्यांनीच केला, घर चांगलं झालं, तक्रार कुणाचीच नाही. पण संध्याकाळी शेताला फेरी मारायची त्यांची जन्माची सवय. जमीन गेल्यावरही एकदा गेले, तर गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?" त्यानंतर ते बाहेर पडलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात चाला, मी म्हणतो चाला. ते मान हलवतात आणि पलंगावर बसून राहतात.

"कोनाची जागा ही?" त्यांनी विचारलं.

"कोणाचीच नाही, बाबा. गेम आहे."

"कोनाची न्हाय असं कसं व्हईल?" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.

मी घोडा उभ्या पिकात घातला तसे ते ओरडले, "अरे, पिकातनं काय जातंस? बांधावरनं जा!" पिकाची एक काडीही वाकली नव्हती. तरी मी मुकाट्याने घोड्यावरून उतरलो आणि बांधावरून चालू लागलो. जगाचं रक्षण खोळंबलं. वाटेत एक शेतकरी सकाळपासून एकाच ढेकळावर कुदळ मारत होता. "याला कोनी ठेवला कामाला?" म्हणून बाबा हसले. किती दिवसांनी हसले! मग पाणी कुठून वळवायचं, भात कुठे लागेल, ते सांगत राहिले आणि मी चालत राहिलो. ज्या गेमला सकाळपासून शिव्या घातल्या, त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला.

"त्या झाडापल्याड काय हाय? चल तिकरं."

झाडापाशी गेलो. पुढे ओढा दिसत होता, माळ दिसत होता. पण वीराचं पाऊल पुढे सरकेना. मधे काहीच नव्हतं, तरी तो जागच्या जागी चालत होता. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली, इथून पुढे जाता येणार नाही म्हणून. बाबांना इंग्रजी येत नाही. मी सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं.

त्यांनी वीराकडे बोट केलं. मग हळू म्हणाले, "बसव त्याला खाली. किती चालल तो असा?"

बसायचं बटण मी खूप शोधलं. तलवारीचं होतं, उडीचं होतं, शिट्टी मारून घोडा बोलवायचंही होतं. बसायचं नव्हतं. तो पाय हलवत राहिला आणि बाबा उठून आत गेले. जमीन गेली तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.