पिशवीतले गोटे

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली माझी अहेरीला बदली झाली आणि मोजणी खात्यातल्या एका कारकुनानं, सगळे त्यांना बाबू म्हणत, माझे रविवारच पळवले. अठराशे सत्तावन्नच्या बंडाच्या वेळी इंग्रजांची फौज प्राणहितेच्या काठानं गोंडांवर चालून आली होती. तिची सगळी वाट त्यांना मला सोबत घेऊन सायकलनं पुरी करायची होती. पन्नाशीचा माणूस, पण कुठल्याही चढावर खाली उतरत नसे. गावात पोचलं की विचारायचे, "लढाई कुठी झाली?" आणि गोंड पडले त्या जागी पिशवीतला एक गोटा ठेवायचे. मेलेल्याच्या नावानं दगड ठेवायची ही गोंडांचीच रीत.

एकदा गोटा मी ठेवला, तर वाट दाखवणारा गोंड म्हातारा ओरडला, "तिथी नाई भाऊ, तिथी फौजेचे शिपाई मेले!"

मी ओशाळून तो उचलायला वाकलो. बाबूंनी माझा हात धरला.

"राहू द्या. माहा खापरपणजा त्याच फौजेत होता. घरी वापस नाई आला. त्याच्यासाठी गोटा ठेवाची माही हिंमतच नाई झाली."

म्हाताऱ्यानं बांधावरचा एक दगड उचलून माझ्या गोट्याशेजारी ठेवला.

"चाला, पुढचं गाव दूर आहे," बाबू म्हणाले.

पुढच्या गावाच्या वाटेवरल्या चढावर मात्र ते उतरले आणि सायकल हातात धरून माथ्यापर्यंत चालत गेले.