मेणबत्तीवर बंद केलेला वास

माझ्या सासरचं पारोळ्याला किराणा दुकान होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी नाशिकहून लग्न होऊन तिथे गेले, आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की इथली माणसं नाकातोंडानं खरेदी करतात. तूरडाळीचा दाणा दाताखाली फोडून बघायचा, धने तळहातावर चोळायचे, तेलाचं बोट नाकाशी न्यायचं आणि मगच भाव विचारायचा. आमच्या नाशिकच्या घरून वाण्याकडे यादी जायची आणि सामान बंद पाकिटांत घरी यायचं. त्यामुळे मला या सगळ्याचं भारी नवल. दुकानाच्या मागच्या दाराशी उभी राहून मी बघत राही, आणि घरात दूध उतू जाई.

माझ्या थोरल्या जाऊबाई काळा मसाला करत. उन्हाळ्यात त्या खोबरं-मिरची भाजायला लागल्या की गल्लीभर ठसका उठे, पण कुणी तक्रार करत नसे. हा मसाला दुकानात डब्यातून सुटा विकला जाई, कागदाच्या पुडीत बांधून. जाऊबाईंना ते खुपत होतं. कागदात मसाल्याचा दम जातो, आठवड्याभरात त्याला काही चव राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी धुळ्याहून प्लास्टिकच्या पिशव्या आणवल्या. पिशवीचं तोंड लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून अलगद फिरवायची, की झाली बंद. हे काम मला इतकं आवडलं की मी आपणहून त्यांची मदतनीस झाले. निम्म्या पिशव्या मी जाळल्या, तेवढं सोडा.

गल्ल्यावर बसणारे सासरे, म्हणजे आबा, यांना हा खटाटोप पटला नव्हता. ज्याचा वास येत नाही तो मसाला कोण घेणार, असं त्यांचं सरळ म्हणणं. तरी त्यांनी गुळाच्या ढेपा खाली जमिनीवर उतरवून एक फळी मोकळी करून दिली. “आखाजीलगून दखू,” ते म्हणाले. “नही खपनं तं मंग फळीवर परत गूळ ठेवसूत.” आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींनी माहेरी येण्याचा सण. तो फार लांब नव्हता.

जाऊबाई ती फळी रोज सकाळी स्वतः पुसत. त्या भरल्या घरात त्यांची म्हणावी अशी ती पहिलीच जागा होती. एवढी मोठी बाई फळीपुढे उभी राहून पुड्या पुन्हा पुन्हा सारख्या करायची, आणि मला उगाच भरून यायचं.

बाजाराच्या दिवशी बायका आल्या. पुडी उचलली, उलटसुलट केली, नाकाशी नेली. वास नाही! मग एकीनं पदराची पिन काढली, पुडीला टोचली, खोल श्वास घेतला आणि खूश झाली. “मसाला झकास शे,” ती म्हणाली, आणि आपणच पाडलेल्या भोकावर बोट ठेवलं. “पन हाई पुडी फुटेल शे. दुसरी दे.”

मला हसू आवरेना, जाऊबाईंचा मात्र संतापानं चेहरा लाल झाला. संध्याकाळपर्यंत फळीवर भोकं पडलेल्या पुड्यांचीच रांग उरली. आबा नुसते गुळाकडे बघत होते.

जाऊबाईंनी मग फळीवर एक उघडी बरणी ठेवली, हिचा वास घ्या आणि पुडी न्या म्हणून. तरी पिना निघायच्याच. मला राहवेना. मी एका बाईला विचारलंच, बरणीत तोच मसाला आहे, मग पुडी कशाला टोचता? तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बरनीमा काय शे ते दखं, माय. पुडीमा काय शे ते कसं समजी?”

तिचं काय चुकलं होतं? मी नाशिकला आयुष्यभर बंद पाकिटं विश्वासानं घेत आले होते, आणि तो विश्वास नेमका कुणावर, हे मला सांगता आलं नसतं. घरी येऊन मी जाऊबाईंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेणबत्ती आणि पातं सरळ दुकानात नेलं. गिऱ्हाईक बाईनं डब्यातल्या मसाल्याचा वास घ्यायचा, तोच मसाला तिच्यादेखत पिशवीत भरायचा आणि तिच्यासमोर तोंड बंद करायचं. बायकांना ते पटलं. मेणबत्ती बघायलाच गर्दी व्हायला लागली.

पण आबांनी नेमकी जागा पकडली. “वास तं आधीच लेवाई गया. मंग कागदनी पुडी काय वाईट व्हती?”

कागदात दम जातो, हे जाऊबाईंनी पुन्हा सांगून पाहिलं. आखाजी आली तरी ते आबांना पटलं नव्हतं.

आखाजीला नणंद आली, आबांची एकुलती एक लेक. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, संसार एका खोलीत. झोके झाले, सांजोऱ्या झाल्या, आणि निघायच्या दिवशी ती दुकानात येऊन बसली. दर वर्षीप्रमाणे आबा तिच्यासाठी कागदात मसाला बांधायला लागले, तशी ती म्हणाली, “आबा, कागदमा नका देऊ. सगळा वास रस्तामाच उडी जास. तठे जाईसनी फोडस, तं घरना वासच नही ऱ्हात.”

आबांचे हात थांबले. इतकी वर्षं ती मसाला नेत होती आणि हे कधी बोलली नव्हती. मला मात्र ते लगेच कळलं, कारण माझं नाशिकही तिथून लांबच होतं.

आबा गल्ल्यावरून उठले. जाऊबाई पुढे झाल्या तर त्यांना हातानंच थांबवलं, मसाला पिशवीत ओतला आणि स्वतः मेणबत्ती पेटवली. सवय नसल्यामुळे बोट भाजलं. एकदा कड फिरवली, मनाला येईना, पुन्हा फिरवली. मग पुडी नाकाशी धरून चारी बाजूंनी हुंगली, आणि लेकीकडे बघून समाधानानं म्हणाले, “काहीच वास येस नही.”

सुरतेची एस.टी. गेल्यावर त्यांनी फळीखालच्या गुळाच्या ढेपा उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या.