स्तोयांकाचा डावा खांदा

बावीस वर्षं स्तोयांका प्लोवदिव शहरातल्या आमच्या कला विद्यालयात मॉडेल म्हणून उभी राहत होती. दुःख, राग, लाज, काय हवं ते सांगा. चेहरा न दाखवता नुसत्या उघड्या पाठीतून उभं करायची. त्या हिवाळ्यात कुंचेव सरांनी भीती मागितली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात स्वतःभोवती घट्ट, दोन्ही खांदे कानांशी, मान आत ओढलेली.

"मावशी, कोणाला घाबरलीस एवढी?" माझ्या वर्गातल्या बिल्यानाने विचारलं.

"तुझ्या चित्राला. मागच्या वेळी माझी म्हैस केली होतीस."

वर्ग हसला. खरी भीती तिने मला एकटीला सांगितली होती, सुट्टीत शेगडीपाशी पाय शेकताना. डाव्या हातातून कप निसटायला लागले होते. तिच्या आईचंही असंच खांद्यापासून सुरू झालं होतं, आणि वर्षभरात ती गेली.

"मग डॉक्टरकडे जा की."

"कशाला? तुम्ही पंधरा जण रोज माझा खांदा मोजता. खाली आला असता तर कागदावर दिसला नसता?"

म्हणून दर सुट्टीत झगा पांघरून ती प्रत्येक चित्रापुढे थांबायची. खांदे सरळ. मग कुठे चीज भरलेल्या बनित्साचा घास तिच्या घशाखाली उतरायचा.

ते खांदे सर सरळ करत. आम्ही सगळेच डावा खाली काढायचो. सर येऊन फडक्याने पुसायचे आणि तिला ऐकू जाणार नाही असं पुटपुटायचे, "डोळे फुटलेत का? हिचं अंग मला पाठ आहे." हे तिला सांगायचा मला धीर होत नव्हता.

एका गुरुवारी सरांचं फडकं बिल्यानाच्या कागदाला टेकलं.

"पुसू नका, सर. खांदा खालीच आहे."

"बावीस वर्षं बघतोय मी..."

"आज बघा."

तिने माप घ्यायला लांब दांड्याचा ब्रश त्यांच्या हातात दिला. सरांनी तो डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटला. तो हात खाली यायलाच तयार नव्हता.

भिंतीकडे तोंड केलेल्या स्तोयांकाच्या पाठीवर सर्रकन काटा आला.

"किती, कुंचेव?"

"दोन बोटं."

"आणि बाकीच्यांच्या कागदावर?"

मीच म्हणाले, "आमच्याही, मावशी. सर सरळ करतात."

ती वळली. हात नुसते लोंबत होते, तोंड किंचित उघडं, जणू कुठे उभं राहायचं तेच विसरली होती. कोणी कोळसा उचलला नाही.

कपडे चढवले, पण कोटाची डावी बाही तिला सापडेना. सर ती धरून उभे राहिले.

"उद्या सकाळी जाऊ दवाखान्यात."

"आत्ता. उद्यापर्यंत मी स्वतःला पुन्हा पटवीन, की काही झालं नाही."

उजव्या हाताने तिने माझा दंड पकडला. बोटं रुतत होती.

"बोलत राहा ग, काहीही," जिन्यात ती म्हणाली.

मी मोठ्याने पायऱ्या मोजायला लागले.