साळ्याचा झाडा-फुलांचा आठवडा

माझ्या साळ्याचा या दुनियेत एकाच माणसावर भरोसा होता, आणि ती माझी बायको होती. बाकी सगळी दुनिया त्याच्या लेखी विनातिकीट. एसटीत कंडक्टरी करण्यात त्याची जिंदगी गेली. आता रिटायर होऊन वरोऱ्याला राहतो, पण समोरच्याच्या तोंडाकडं पाहायची तऱ्हा तीच, की हा चढला कुठून आणि सांगून राह्यला कुठून. मी आणि बायकोनं शेवटचं जे साधंसुधं काम सोबत केलं ते चिंच फोडायचं. थंडी सरत आली होती, अंगणात पोतं अंथरून बसलो होतो. तेवढ्यात साळ्याचा फोन आला. त्याला रस्त्याच्या कडेला पिवळं फूल दिसलं होतं, त्याचं नाव पाहिजे होतं. बायकोनं विचारलं, "पान कसं आहे?" तो म्हणाला, "पानच नाई बाई, नुसती फुलं." ती म्हणाली, "मंग सोनसावर." मी मधात बोलायला गेलो तर फोनातून आवाज आला, "भाऊजी, तुम्ही नोका बोलू. बाईनं सांगतलं, झालं." त्याच आठवड्यात ती गेली. छातीत दुखते म्हणाली आणि चंद्रपूरला पोचायच्या आत गाडीतच गेली.

चैत्रात साळा माझ्या दारात उभा. खांद्याला बॅग, बॅगेत मोबाइल ठेवायची तीन पायाची काडी आणि शर्टाला लावायचा टिचभर माइक. म्हणे, झाडाफुलांचा पॉडकास्ट करून राह्यलो, आठवडाभर मुक्काम आहे. मी मोहर्लीकडच्या जंगलाला लागून राहतो, झाडांना तोटा नाही, हे खरं. पण बहीण असताना जो माणूस सकाळी येऊन दुपारच्या गाडीनं जायचा, तो आता एकट्या बुढ्याकडं आठवडाभर काय करते? त्यात चहाचा पहिला घोट घेतला न घेतला आणि विचारतो, "भाऊजी, बाईचं मोहाचं झाड कुठी आहे?" तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्याकडं जंगलातलं मोहाचं झाड कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. फुलं पडायच्या आधी ज्या घरचं माणूस झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ करते, त्या वर्षीची फुलं त्या घरची. एक हंगाम जागा झाडली नाही, की दुसऱ्यानं झाडावी, भांडण नाही. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून नाल्याच्या वरच्या अंगाचा मोह तीच झाडत होती. यंदा शेजारची बाई दोनदा येऊन विचारून गेली होती, "भाऊ, झाडान का? नाई त आमी झाडतो." तिचंही बरोबर. मी दोन्ही वेळा म्हणालो, पाहू. खरं सांगायचं तर माझे पाय तिकडं वळतच नव्हते. पण दुसऱ्यानं झाडलेलंही मला पाहवणार नव्हतं. आणि त्याच मोहाची चौकशी हा वरोऱ्याहून येऊन करत होता.

पॉडकास्ट म्हणजे काय ते मी त्या आठवड्यात पाहिलं. भर उन्हाळ्यात माझा साळा डोक्यावरून गोधडी घेऊन बोलतो. पंख्याचा आवाज आत येऊ नये म्हणे. बाहेर येतो तेव्हा घामानं असा निथळलेला, की विहिरीतून काढल्यासारखा दिसतो. शेजारचा कोंबडा आरवला की गोधडीतून आवाज येतो, "भाऊजी, हा मी बोलायले लागल्यावरच काऊन बोंबलते? कोणाचा आहे हा?" फुलाचं नाव तो एकट्या माणसाच्या सांगण्यावर कधी घेणार नाही. मला विचारतो, मग शेजारच्या बाईला, मग आटाचक्कीवाल्याला, तिघांना वेगवेगळं गाठून. एकदा तिघांनीही पांगारा सांगितला. तर तो आनंदला असेल म्हणता? माझ्याकडं डोळे बारीक करून पाहत म्हणाला, "तिघायचं एकच निघालं. म्हणजे तुमचं आधी बोलणं झालं."

पळसाबद्दल सांगताना तो श्रोत्यांना म्हणाला, "फूल केशरी दिसून राह्यलं, पण ऊन फार आहे. संध्याकाळी पुन्हा पाहून पक्कं सांगतो." आणि संध्याकाळी खरंच गेला, आणि केशरीच आहे असं पक्कं सांगितलं. गावाचं नाव मात्र कुठंच घेत नाही. "मी सध्या एका जिल्ह्यात, एका रस्त्यानं गेल्यावर लागणाऱ्या एका झाडाखाली उभा आहो," असं सुरू करतो. मी म्हणालो, "अरे, ऐकणाऱ्याले काय समजन?" तर म्हणे, "समजू नाई म्हणूनच सांगून राह्यलो. पत्ता सांगतला की उद्या लोक साल काढून नेतीन."

दिवसातून दोनदा तरी मोहाचा विषय काढायचा. मी विषय बदलायचो. तो पॉडकास्टच्या नावानं सगळं गाव पालथं घालून राह्यला आणि मी त्याच्या मागं मागं, कोणाशी काय बोलते ते ऐकत. रक्ताचा भाऊ आहे, बहिणीचं झाड मागायचं मनात आलं तर माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही. शेवटी एक दिवस मी त्याला घेऊन गेलो, आणि रस्त्यालगतच्या भलत्याच मोहापाशी उभा केला. "हाच तिचा."

त्यानं झाडाभोवती एक चक्कर मारली. माइक काढलाच नाही. म्हणाला, "हा नाई."

"कशावरून?"

"मागल्या वर्षी तुम्ही पाय मोडून दवाखान्यात होते, तवा बाईसंगं टोपली घेऊन मीच गेलतो. नाल्याच्या वर आहे तो."

"मंग आठवडाभर मले विचारून काऊन राह्यला?"

"तुम्ही दाखवता का, ते पाहून राह्यलो."

मला असा राग आला की तो मागं येते का हेही न पाहता मी घरी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर गडी गायब. बॅग होती, माणूस नव्हता. आमचा भाग वाघाचा, नवखा माणूस एकटा जात नाही. हा गेला म्हणजे तसंच काही कारण असणार. मी काठी घेतली आणि नाल्याच्या वर निघालो.

लांबूनच आवाज आला. सागाच्या आडोशाला उभं राहून पाहिलं. माझ्या बायकोच्या मोहाखाली पाचोळ्यावर साळ्यानं आपला दुपट्टा अंथरला होता आणि बाजूला पहारा देत उभा होता. समोर शेजारची बाई, हातात खराटा. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेले दुपट्टे आणि रुमाल या माणसानं जिंदगीभर उचलून प्रवाशांच्या अंगावर फेकले होते. दुपट्टा बसला म्हणजे माणूस बसला नाही, असं म्हणून त्यानं किती लोकांशी भांडण केलं असेल. आणि आता तोच म्हणत होता, "बाई, जागा धरलेली आहे."

"दुपट्टा टाकून मोह राहत नाई जी. जागा झाडावं लागते."

"झाडणारा येऊन राह्यला."

"कुठी आहे?"

"चहा प्यायले खाली उतरला. तो आल्याबिगर मी गाडी सोडत नाई."

बाईनं मान वळवली आणि सागाकडं पाहिलं. "हाच का तुमचा पाशिंजर? लपून उभा आहे तो."

मी पुढं आलो. जे खरं होतं ते बोललो. "मले नाई येत झाडता. ते तिचं काम होतं."

 शेजारची बाई खराटा खांद्यावर टाकत म्हणाली, "उद्या सकाळी आमी बाया इकडंच येतो. भाऊ, तुम्ही आले त ह्या झाडाले मी हात नाई लावत. नाई आले त मी झाडीन. फुलं काही तुमच्यासाठी थांबत नाईत."

दुपारच्या गाडीला मी साळ्याला सोडायला गेलो. विचारलं, "मोहाचा पॉडकास्ट केला?" तो म्हणाला, "नाई. त्याचा करतच नाई. आवाजावरून कोणी जागा काढली म्हणजे?" गाडीत चढला, कंडक्टरनं दिलेलं तिकीट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग खिडकीतून डोकं काढलं. "भाऊजी, उद्या जाता न?"

"जातो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता हा ड्रायव्हरला विचारेल, पानठेल्यावाल्याला विचारेल. त्यानं कोणालाच विचारलं नाही. मान हलवली आणि डोकं आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाया टोपल्या घेऊन निघाल्या, मी खराटा घेऊन त्यांच्या मागं. वाघाला माणसाची चाहूल लागावी म्हणून आमच्याकडं जंगलात मोठ्यानं बोलत जातात. बाया बोलत होत्या, मी गप्प होतो. शेजारची बाई मागं वळून ओरडली, "भाऊ, तुम्हीही बोला जी! गप्प चालणाऱ्याच्या मागं लागते तो." बायको गेल्यापासून मी घरातसुद्धा मोठ्यानं बोललो नव्हतो. घसा खाकरला आणि जे तोंडात आलं ते सुरू केलं. ती कशी फणकाऱ्यानं चालायची, मी मागं राहिलो की कशी शिव्या द्यायची, टोपली भरली की कशी मलाच उचलायला लावायची. बाया हसत होत्या. नाल्याच्या वर आल्यावर त्या आपापल्या झाडांकडं पांगल्या. मी एकटा राहिलो तरी बोलणं थांबवलं नाही, आणि बुडापासून बाहेरच्या बाजूला पाचोळा झाडायला लागलो.